माल्ट सादळू नये म्हणून...

उन्हाळा संपण्यापूर्वी वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची पद्धत शहरी घरांतून आता बरीच मागे पडली आहे. तरीही गच्चीवर वाळत घातलेले गहू, पत्र्याच्या कोठ्या, पावसाळ्याच्या तोंडावर धान्याला चोळले जाणारे एरंडेल हे सारे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना धान्य टिकविणे हे किती निगुतीचे काम आहे, हे वेगळे सांगावयास नको. गंमत अशी, की आपल्या घरांतून निघून गेलेली ही चिंता ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत एका निराळ्याच निमित्ताने घराघरांत शिरली आहे. ते निमित्त आहे घरच्या घरी बिअर तयार करण्याच्या छंदाचे. या छंदाला लागणारे धान्य म्हणजे माल्ट. ते गोणीने विकत घेतले जाते, महिनोन्महिने घरात राहते, आणि नीट ठेवले नाही तर छंदाची सारी मेहनत वाया घालविते.

छंदामागचा कायदा

ब्रिटनमध्ये १८८०च्या कायद्यानुसार घरी बिअर करण्यासाठी परवाना लागत असे. १९६३ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ही अट काढून टाकली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेला कायदा पुढच्या वर्षी अमलात आला. त्यानुसार एका प्रौढ व्यक्तीच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःच्या वापरासाठी करमुक्त तयार करता येते. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी तर २०१३ मध्ये ही मुभा दिली.

आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून कोणतेही मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते विकण्यासाठी असो वा घरच्या वापरासाठी. त्यामुळे पुढील माहिती व्यवहारात उपयोगी पडेल ती परदेशांत, जेथे कायद्याने परवानगी आहे तेथे, राहणाऱ्या वाचकांना. मात्र धान्य का बिघडते आणि ते कसे राखावे, हे शास्त्र सर्वांच्याच स्वयंपाकघराला लागू पडणारे आहे.

माल्ट म्हणजे काय?

नाचणीचे सत्त्व करण्याची रीत आपल्या घरांतून परिचित आहे. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची आणि दळायची. माल्टची रीत तत्त्वतः हीच आहे, फक्त धान्य सातू, म्हणजेच बार्ली, हे असते. सातू पाण्यात भिजवून त्यातील ओलावा सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत नेतात. त्यानंतर चार ते सहा दिवस त्याला मोड येऊ देतात. दाणा अंकुरू लागला, की त्याच्या पोटात विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, तयार होतात. पिष्टाचे साखरेत रूपांतर करण्याचे काम ही विकरे करतात. अंकुर पुरता वाढण्याआधीच गरम हवेच्या भट्टीत दाणा सुकविला जातो आणि वाढ थांबते. फिक्या रंगाच्या माल्टसाठी भट्टीचे अखेरचे तापमान साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअस असते. गडद, जवळजवळ काळ्या माल्टसाठी धान्य २०० अंशांच्याही वर भाजतात.

भट्टीतून निघालेल्या माल्टमध्ये ओलावा उरतो तो केवळ ४ टक्के किंवा त्याच्या आसपास. साठवणीतील गहू किंवा सातू यांत तो १२-१३ टक्के असतो, हे लक्षात घेतले म्हणजे माल्ट किती कोरडे असते याची कल्पना येते. माल्टचे सारे बळ या कोरडेपणात आहे आणि त्याची सारी नाजूक बाजूही त्यातच आहे. इतका कोरडा दाणा भोवतालच्या हवेतील ओलावा अधाशासारखा शोषून घेतो. आपण ज्याला सादळणे म्हणतो, तेच माल्टच्या बाबतीत घडते.

गोणीचे गणित

एका वेळी साधारण १९ लिटर, म्हणजे अमेरिकी पाच गॅलन, बिअर करण्याचा घरगुती प्रघात आहे. त्यासाठी चार ते पाच किलो माल्ट लागते. तेवढेच माल्ट सुटे घेतले तर ते महाग पडते. २५ किलोची गोणी घेतली तर किलोमागे दर बराच उतरतो. मात्र एका गोणीत पाच ते सहा वेळा बिअर होते. महिन्याला एकदा हा उद्योग करणाऱ्याच्या घरी त्यामुळे गोणी पाच-सहा महिने मुक्कामाला असते. गोणीवर वाचविलेले पैसे खरोखर वाचले की नाही, हे या पाच-सहा महिन्यांत तिची निगा कशी राखली यावरून ठरते.

अखंड दाण्याचे, कोरडे आणि गार जागी ठेवलेले फिके माल्ट साधारणतः वर्षभर उत्तम राहते. भरडलेल्या माल्टचे आयुष्य मात्र आठवड्यांत मोजावे लागते. दाण्याचे टरफल हे निसर्गाने दिलेले वेष्टनच आहे. ते फुटले, की आतील पीठ हवेला, ओलाव्याला आणि किड्यांना एकदमच उघडे पडते. घरी हातचक्की असेल तर माल्ट अखंड घ्यावे आणि वापरण्याच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी भरडावे. चक्की नसेल तर लागेल तेवढेच भरडून आणावे आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावे. वर्षाचे गहू घरात ठेवणारे आपले पूर्वज पीठ मात्र आठवड्यापुरतेच दळत, त्यामागचे कारण याहून निराळे नव्हते.

ओलावा, ऊब आणि हवा

माल्टचा पहिला शत्रू ओलावा. सादळलेल्या माल्टचा दाणा कुरकुरीत न राहता चिवट होतो. चक्कीत तो नीट फुटत नाही, चेपला जातो. त्यामुळे त्यातून साखर कमी उतरते. ओलाव्याला उष्णतेची जोड मिळाली, की विकरांचे सामर्थ्यही घटत जाते. केलेल्या श्रमांच्या मानाने बिअर पातळ उतरते आणि दोष कोठे आहे, हे नवख्याला उमगत नाही.

दुसरा शत्रू ऊब आणि तिसरा हवेतील प्राणवायू. धान्यात थोड्या प्रमाणात स्निग्ध पदार्थ असतात. प्राणवायूशी संयोग होऊन ते हळूहळू खवट होतात. तापमान जितके अधिक, तितका हा वेग अधिक. अशा माल्टपासून केलेल्या बिअरला पुढे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येऊ लागते. जुन्या शेंगदाण्याचा खवटपणा ज्याने एकदा चाखला आहे, त्याला ही प्रक्रिया समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच माल्टसाठी १० ते २० अंश सेल्सिअस तापमानाची, अंधारी आणि कोरडी जागा योग्य मानतात. थंड देशांत घराचे तळघर गार असते, परंतु अनेकदा दमट असते. मोटारीची गॅरेज कोरडी असते, परंतु उन्हाळ्यात तापते. दोन्ही ठिकाणी माल्ट कागदी गोणीत उघडे ठेवणे धोक्याचेच. गोणी फरशीवर ठेवली तर फरशीतील ओल थेट खालच्या थरात शिरते. आपल्याकडे धान्याच्या पोत्यांखाली लाकडी फळ्या टाकतात, ती रीत येथेही पाळावी.

शीतकपाटाचा मोह अनेकांना होतो. तेथे गारवा असला, तरी उघडझापीबरोबर दमट हवा आत शिरते आणि थंड दाण्यावर पाणी धरते. हवाबंद पिशवीत असल्याखेरीज माल्ट शीतकपाटात ठेवू नये. ठेवलेच तर बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला आल्यानंतरच पिशवी उघडावी.

किडे, टोके आणि एक जुना पाहुणा

धान्यातील सोंड्यांची मादी दाण्याला बारीक छिद्र पाडून त्यात अंडे घालते आणि छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. महिना-सव्वा महिन्याने किडा बाहेर पडेपर्यंत धान्य वरून निर्मळ दिसते. ‘कालपर्यंत एकही किडा नव्हता’ ही तक्रार त्यामुळेच ऐकू येते. मात्र सोंड्यांना वाढण्यासाठी धान्यात साधारण ९-१० टक्के तरी ओलावा लागतो. चार टक्के ओलाव्याचे माल्ट त्यांच्या कामाचे नसते. सादळलेले माल्ट मात्र त्यांना आमंत्रणच ठरते. ओलावा राखला, की अर्धी कीड आपोआप दूर राहते, ती अशी.

तांबडा भुंगेरा आणि जाळी धरणारे पाखरू ही मंडळी फुटक्या दाण्यांवर आणि पिठूळ धुळीवर पोसतात. या पाखराला इंग्रजीत ‘इंडियन मील मॉथ’ म्हणतात. नावातील ‘इंडियन’ हे विशेषण भारताचे नव्हे. अमेरिकेत मक्याच्या पिठाला ‘इंडियन मील’ म्हणत, त्यावरून ते आले. डब्याच्या तळाची धूळ झटकणे आणि जुन्या माल्टवर नवे न ओतणे, हाच यावरील मुख्य उपाय.

भारताशी खरे नाते आहे ते खापरा भुंगेऱ्याचे. भारतीय उपखंड हे त्याचे मूळ स्थान समजले जाते. इतर किडींना न सोसणारा कोरडेपणा तो सहज सोसतो आणि त्यामुळे माल्टच्या कोरडेपणाचे कवच त्याच्यापुढे निष्प्रभ ठरते. धान्याबरोबर बोटींतून परदेशी गेलेल्या या किडीने विसाव्या शतकात ब्रिटनमधील माल्टच्या उबदार कोठारांत ठाण मांडले होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९५३ साली ती सापडल्यावर तिच्या निर्मूलनासाठी सरकारला मोठी मोहीम हाती घ्यावी लागली. अन्न न मिळाल्यास तिच्या अळ्या फटींत दडून दीर्घकाळ निपचित राहू शकतात. भारतातून धान्य, तांदूळ वा डाळी सोबत नेण्यावर अनेक देशांच्या विमानतळांवर जे कडक निर्बंध असतात, त्यामागे ही कीड हे एक महत्त्वाचे कारण आहे. मुलांसाठी घरचे धान्य नेणाऱ्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

घरातील अल्प साठ्यावर किडीसाठी सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे गोठविणे. माल्ट हवाबंद पिशवीत भरून उणे १८ अंशांच्या शीतपेटीत आठवडाभर ठेवले, की अंडी, अळ्या आणि किडे बहुतेक सारेच मरतात. पिशव्या लहान असाव्यात. मोठ्या गोणीच्या गाभ्यापर्यंत थंडी पोहोचण्यास फार वेळ लागतो.

बुरशी : जेथे तडजोड नाही

किडीहून गंभीर गोष्ट बुरशीची. धान्यातील ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला, की बुरशी वाढू लागते. साठवणीतील काही बुरश्या ऑक्रॅटॉक्सिनसारखी विषद्रव्ये तयार करतात आणि उकळल्याने ती पुरती नष्ट होत नाहीत. शेतातच सातूच्या कणसावर वाढणाऱ्या फ्युजेरियम बुरशीमुळे आणखी एक विचित्र प्रकार घडतो. अशा धान्यापासून केलेल्या बिअरची बाटली उघडताच सारा फेस कारंज्यासारखा उसळून बाहेर येतो. कुबट वास, दाण्यावर हिरवट, करडी किंवा गुलाबी छटा, एकमेकांना चिकटलेले गोळे यांपैकी एकही खूण दिसली तर ते माल्ट टाकून द्यावे. वाळवून, धुऊन वा उकळून ते वापरू नये, आणि जनावरांना वा कोंबड्यांनाही घालू नये. गोणीच्या किमतीकडे पाहून येथे मन वळवू देणे योग्य नव्हे.

भांडे आणि जागा

खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकच्या, घट्ट फिरकीचे झाकण असलेल्या बादल्या या कामी सर्वांत सोयीच्या. १९ लिटरच्या एका बादलीत सुमारे १० किलो माल्ट मावते, म्हणजे एका गोणीस तीन बादल्या पुरतात. बादली काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवा कमी राहते. एक संपेपर्यंत दुसरी उघडू नये. रंग, रसायने किंवा लोणचे यांसाठी वापरलेली बादली घेऊ नये, कारण प्लास्टिकमध्ये मुरलेला वास माल्ट ओढून घेते. प्रत्येक बादलीवर माल्टचा प्रकार आणि खरेदीची तारीख लिहावी. फिके माल्ट दिसायला सारखेच असते आणि स्मरणशक्तीवर विसंबून राहणाऱ्यांची हमखास फसगत होते.

हवाबंद साठवण ही कल्पना आपल्याला नवी नाही. जमिनीत खणलेल्या पेवात धान्य ठेवून तोंड बंद केले, की आतील प्राणवायू हळूहळू संपतो, कर्बवायू साठतो आणि किडे तग धरू शकत नाहीत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच आहेत. याच तत्त्वावर काही छंदी मंडळी बादलीत कर्बवायू सोडतात किंवा प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या ठेवतात. पुड्यांना हरकत नाही. मात्र घन कर्बवायूचा, म्हणजे कोरड्या बर्फाचा, तुकडा टाकून झाकण घट्ट लावण्याचा प्रयोग कधीही करू नये. वायूच्या दाबाने भांडे फुटून इजा होऊ शकते. पेव उघडल्याबरोबर आत उतरणारी माणसे गुदमरून दगावतात, हे ग्रामीण भागात सर्वज्ञात आहे. कर्बवायूशी खेळताना ही आठवण ठेवलेली बरी.

जागेचे आणखी एक पथ्य आहे. माल्ट साठविण्याची व भरडण्याची जागा आणि बिअर आंबविण्याची जागा वेगळ्या असाव्यात. धान्याच्या टरफलांवर दुधाचे दही करणाऱ्या जंतूंचे भाऊबंद वस्तीला असतात. माल्ट उकळल्यावर ते मरतात. परंतु भरडताना उडालेली धूळ थंड झालेल्या रसात पडली, तर बिअर आंबट होते. अनेकांच्या न उलगडणाऱ्या अपयशाचे मूळ या धुळीत असते.

परीक्षा कशी करावी?

सर्वांत सोपी परीक्षा दातांची. चांगला दाणा चावताच कट्कन फुटतो, तोंडात खुसखुशीत लागतो आणि गोडसर चव देतो. चिवट लागला तर तो सादळला आहे. नाक दुसरे परीक्षक. बिस्किटासारखा वा ताज्या भाजणीसारखा वास असावा. खवट वा कुबट नसावा.

नेमका अंदाज हवा असेल तर १०० ग्रॅम माल्ट बारीक दळून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर तीन तास ठेवावे आणि पुन्हा वजन करावे. ९५ ग्रॅम भरले तर ओलावा ५ टक्के. ६ टक्क्यांच्या पुढे गेल्यास साठवणीत दोष आहे असे समजावे. किंचित सादळलेले, परंतु वास-चवीला निर्दोष माल्ट पातळ पसरून ५० ते ६० अंशांच्या मंद ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवल्यास पुन्हा कुरकुरीत होते. याहून अधिक उष्णता दिल्यास ओलसर दाण्यातील विकरे दुबळी होतात. खवटपणा मात्र कोणत्याही उपायाने परतविता येत नाही.

घरचे उपाय, कोणते घ्यावे?

कडुनिंबाचा पाला, राख, एरंडेल, बिब्बे या आपल्या जुन्या उपायांचे गव्हा-डाळींच्या बाबतीत मोल आहे, कारण ते धान्य पुढे धुतले वा निवडले जाते. माल्ट धुता येत नाही. ते भरडून थेट गरम पाण्यात जाते. त्यामुळे पाल्याचा कडूपणा वा तेलाचा अंश बिअरमध्ये उतरतो, आणि तेलाने तर तिचा फेसही बसतो. कडक उन्हाचाही येथे उपयोग नाही, कारण उघड्यावरचे माल्ट वाळण्याऐवजी हवेतील ओल घेते.

याहून महत्त्वाचा इशारा विषारी गोळ्यांविषयी. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो. गोदामांत त्यांचा वापर प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तींनीच करावयाचा असतो. बंद खोलीत धान्यात अशा गोळ्या ठेवल्यामुळे घरातील माणसे, विशेषतः लहान मुले, दगावल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. पाऱ्याच्या गोळ्याही निर्धोक नाहीत, कारण पाऱ्याची वाफ साध्या तापमानालाही होत असते. धान्य माल्ट असो वा गहू, माणसे झोपतात त्या घरात या दोन्ही गोष्टींना स्थान नसावे.

सारांश, माल्ट अखंड घ्यावे, हवाबंद भांड्यात काठोकाठ भरावे, गार व कोरड्या जागी जमिनीपासून उंच ठेवावे, आंबविण्याच्या जागेपासून दूर भरडावे आणि जुने आधी संपवावे. सहा महिन्यांत जेवढे संपेल तेवढेच घरात आणावे. कारण विष घालून राखावे लागते ते धान्य बहुधा गरजेपेक्षा जास्त भरलेले असते, आणि ही गोष्ट बिअरच्या माल्टला जितकी लागू आहे, तितकीच आपल्या घरच्या गव्हालाही आहे.